पैठणीची घडी आणि इस्त्रीची घाई

दिवाळीच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक तक्रारी फराळाच्याच असतात. अनारसे हसले, चकली मऊ पडली, पाक कच्चा राहिला. यंदाच्या गठ्ठ्यात मात्र एक पत्र निराळे निघाले. ते सेलूहून आले आहे. सेलू म्हटले की कित्येकांना परभणी जिल्ह्यातले सेलू आठवते. हे ते नव्हे. हे वर्धा जिल्ह्यातले, वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारे, तालुक्याचे गाव. आगगाडीने जाणाऱ्यांना ‘सेलू रोड’ हे स्टेशन ठाऊक असेल.

ताईंचे म्हणणे थोडक्यात असे. त्यांच्या ट्रंकेत सासूबाईंची पैठणी आहे. चाळीसेक वर्षांत ती दोनदाच नेसली गेली. आता तुळशीचे लग्न आटोपले की मार्गशीर्षात लेकीचे लग्न आहे, आणि ती पैठणी लेकीने नेसावी अशी आईची फार इच्छा. पण बाहेर काढून पाहतात तो घडीघडीवर चुण्या बसलेल्या. काही ठिकाणी तर घडीची रेघ सुरीने ओढल्यासारखी. इस्त्रीवाला म्हणाला, ‘द्या, पाच मिनिटांत करून देतो.’ त्या पाच मिनिटांनीच ताईंचा धीर खचला. कारण मागे त्यांच्या बहिणीच्या टसरवर अशाच पाच मिनिटांत इस्त्रीचा तांबूस ठसा उमटला होता आणि तो आजतागायत गेलेला नाही. लेक म्हणते, ‘आई, कशाला एवढी यातायात? नवी घेऊ.’ ताई विचारतात, या चुण्या घरच्या घरी, पैठणीला धक्का न लावता निघतील का?

निघतील, ताई. बहुतेक सगळ्या निघतील. एखादी जुनी रेघ अंधुक राहील, ती नेसल्यावर निऱ्यांत लपेल. मात्र तुम्हाला पाच मिनिटांऐवजी पाच-सहा दिवस द्यावे लागतील, आणि इस्त्री हे हत्यार सर्वांत शेवटी, तेही जमले तर न वापरण्याच्याच बेताने, हाती घ्यावे लागेल.

असे का, ते समजण्यासाठी चुणी म्हणजे काय ते आधी पाहू. चुणी म्हणजे मळ नव्हे, की घासला आणि गेला. सूत काय किंवा रेशीम काय, धाग्याच्या पोटात अतिसूक्ष्म साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. धाग्यात ओलावा शिरला की ही पकड सैल होते. ओलावा गेला की पकड पुन्हा बसते. त्या वेळी धागा वाकलेला असेल तर वाकलेलाच बसतो. ट्रंकेत तेच घडते. पावसाळ्यात हवा दमट, घडीवर वर ठेवलेल्या चार साड्यांचे वजन, मग कोरडा हिवाळा, मग उन्हाळा. अशी चाळीस आवर्तने झाली की घडी पक्की होते. म्हणजे चुणी ओलाव्याने आणि दाबाने बसली, तशी ती ओलाव्याने आणि दाबानेच उठते. उष्णतेचे काम एवढेच की ती हे सारे लवकर करते. घाई नसेल तर उष्णतेवाचून फारसे अडत नाही.

कोणता धागा किती पाणी पितो याचे आकडे वस्त्रशास्त्राच्या पुस्तकांतून मिळतात आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. हवेत बेताचा दमटपणा असताना शंभर ग्रॅम कोरडी लोकर सुमारे 16 ग्रॅम पाणी धरते, रेशीम 11 ग्रॅम, कापूस आठ-साडेआठ ग्रॅम, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. लोकरीची शाल रात्रभर टांगली की सकाळी नीट झालेली असते, आणि पॉलिएस्टरची साडी आठवडाभर टांगली तरी तशीच राहते, त्याचे मर्म या चार आकड्यांत आहे. रेशीम लोकरीच्या खालोखाल समजूतदार. त्याला ओलावा मिळाला की ते ऐकते.

आता यात सेलूची अडचण अशी की मुंबईची गृहिणी शालू रात्री खिडकीशी टांगते आणि समुद्रावरची दमट हवा फुकटात काम करून जाते. वर्धा-नागपूरकडे दिवाळीनंतर ही हवा मिळत नाही. पाऊस संपला की तिकडची हवा झपाट्याने कोरडी होत जाते, आणि मार्चनंतर तर विचारायलाच नको. तेव्हा मुंबई-पुण्याच्या मैत्रिणीने सांगितले म्हणून सेलूत नुसती साडी टांगून काही होणार नाही. तिथे ओलावा आपण घरात आणावा लागतो.

दुसरी अडचण हवेची नाही, हाताची आहे. तो सारा मुलूख कापसाचा. 1936 साली गांधीजी सेगावला राहायला आले, पुढे त्या गावाचे सेवाग्राम झाले. 1938 साली वर्ध्यात मगन संग्रहालय उभे राहिले आणि खादी-ग्रामोद्योगाचा संसार तिथे मांडला गेला. सेलूपासून हे सारे हाकेच्या अंतरावर. अशा भागातल्या घराघरांत इस्त्रीचा हात बसतो तो सुती कपड्यावर. खादीच्या सदऱ्याला खळ द्यायची, वाळल्यावर पाण्याचा हबका मारायचा, गुंडाळून घटकाभर ठेवायचा, आणि मग तापलेली इस्त्री जोर देऊन फिरवायची. खादीला हे सारे मानवते. सुती कापड 200 अंशांपर्यंतची इस्त्री सोसते आणि जोराला दाद देते. पण यातली प्रत्येक सवय रेशमाच्या मुळावर येते. हबक्याने डाग पडतात, ती उष्णता रेशीम करपवते, आणि जोराने घासले की जर उचकटते. ताईंच्या बहिणीच्या टसरवरचा तो ठसा बहुधा असाच उमटला असावा. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडचा वरठी सुती कपड्यात वाकबगार असतो. रेशमालाही तोच हात लागला, इतकेच.

तर आता प्रत्यक्ष पैठणीकडे वळू.

पहिल्या दिवशी काहीच करायचे नाही. पलंगावर स्वच्छ धुतलेली, खळ न दिलेली पांढरी चादर अंथरा आणि पैठणी घडी घडी करून हळूच उलगडा. बोटांतल्या अंगठ्या आणि हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवा. पैठणीची जर बांगडीच्या तोंडात अडकली की तो धागा पुन्हा जागेवर बसत नाही. उन्हात मुळीच नको, सावलीत. जुन्या पैठणीत जर बहुधा खरी असते, म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचे पाणी दिलेली कलाबतू. घडीच्या रेघेवर ही तार कधी कधी चिरलेली असते. उजेडाकडे धरून पाहा. रेघेवर बारीक भोके दिसत असतील, रेशीम भुरभुरत असेल, तर तिथे पुढचा एकही उपाय करू नका. आधी मागून मऊ रेशमी अस्तर टाचून घ्या. जाणत्या रफूवाल्याकडून हे काम होते, आणि त्यासाठीच हाताशी दिवस हवेत.

दुसरी परीक्षा रंगाची. पदराच्या टोकाशी, आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेवर किंचित ओलसर पांढरा सुती कपडा दोन मिनिटे दाबून धरा. कपड्याला रंग लागला तर या साडीला पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श वर्ज्य. जुन्या लाल आणि हिरव्या रंगांवर फार विश्वास टाकू नये. आणि साडी खरोखर रेशमीच आहे ना, असा संशय असेल (हल्ली असा संशय घेण्याजोग्या पैठण्या बाजारात पुष्कळ आहेत), तर पदराच्या दशीतला एकच धागा तोडून, चिमट्यात धरून, साडीपासून दूर, मोरीत उभे राहून पेटवा. रेशीम केस जळल्यासारखे वासते आणि त्याची काळी राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

इतके झाल्यावर ओलावा. याला माझ्या मते सर्वांत निर्धोक रीत म्हणजे ओल्या चादरींची खोली. लहानशी खोली निवडा. पलंगावर पैठणी पसरलेली, जास्तीत जास्त दोन पदरी. खोलीत पलंगापासून हातभर दूर दोरी बांधून दोन-तीन चादरी पिळून, पाणी ठिबकणार नाही अशा वाळत घाला आणि दारे-खिडक्या रात्रभर लावून घ्या. सकाळपर्यंत चादरींतले पाणी हवेत आलेले असते आणि रेशमाने त्यातले आपल्याला हवे तेवढे उचललेले असते. एक थेंबही साडीवर न पडता. सकाळी दारे उघडण्यापूर्वी स्वच्छ, कोरड्या तळहाताने काठाच्या दिशेने साडी हलकेच सारखी करा. लोण्यावरून हात फिरवावा तितकाच दाब. मग वर दुसरी कोरडी चादर आणि तिच्यावर एखादी हलकी रजई पसरून दुपारपर्यंत राहू द्या. संध्याकाळी पाहा. निम्म्या चुण्या गेलेल्या दिसतील. दुसऱ्या रात्री पुन्हा हेच करा.

वैशाखात लग्न असेल तर विदर्भातल्या गृहिणीच्या हाती याहून सोपे साधन आहे, ते म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती गार दमट हवा माणसांना सुखावते तशी रेशमालाही. फक्त साडी कूलरच्या तोंडासमोर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवी. कूलर मधूनच पाण्याचे तुषार फेकतो, आणि ताटी नवी असेल तर त्या तुषाराला पिवळा रंगही असतो.

न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादल्या ठेवून वाफेत साडी टांगण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. ती वाईट नाही. पण जुन्या पैठणीसाठी मी ती सांगणार नाही. एक तर पैठणी वजनदार. तासभर टांगली की सगळा भार वरच्या घडीवर येतो आणि एक चुणी काढता काढता दुसरी पडते. दुसरे म्हणजे छतावर जमलेली वाफ थेंब होऊन नेमकी पदरावर पडते. नव्या क्रेपला, शिफॉनला, लोकरीच्या कोटाला ही रीत चालेल. तीही जाड गोल दांडीवर टॉवेल गुंडाळून त्यावर कपडा टाकून, वीस-पंचवीस मिनिटे. तारेवर किंवा खिळ्यावर कधीही नाही.

दोन-तीन रात्रींनंतरही ज्या रेघा हटून बसल्या आहेत त्यांच्यासाठी आता उष्णता. इथे आपल्या आज्या-पणज्यांच्या एका युक्तीची आठवण होते. ज्या घरात इस्त्री नव्हती तिथे पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने कपडे सारखे करीत. निखाऱ्याच्या तांब्याला मात्र लगाम नसतो. तो किती तापेल याचा नेम नाही. त्या तांब्यात निखाऱ्यांऐवजी उकळते पाणी घातले तर? पाणी 100 अंशांच्या वर जाऊच शकत नाही, आणि भांड्यात ओतल्यावर तर ते त्याहून थोडे निवतेच. म्हणजे तुम्ही लक्ष चुकवले, दारावर कोणी आले, फोन वाजला, तरी या ‘इस्त्री’ने रेशीम करपणार नाही. सपाट बुडाचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. बूड घासून, पुसून, कोरडे करा. गॅसवर ठेवलेल्या भांड्याची काजळी त्याला नको. निम्मा डबा उकळत्या पाण्याने भरा, झाकण लावा, बाहेरून पुन्हा कोरडा पुसा आणि जाड रुमालाने धरा. पैठणी उलट बाजूने अंथरलेली, खाली दुपदरी ब्लँकेट आणि त्यावर पांढरी चादर, साडीवर मलमलीचा कोरडा तुकडा. डबा रेघेवर ठेवा, दहा आकडे मोजा, उचला, पुढे ठेवा. सरकवायचा नाही. मुले त्या खोलीत नकोत, हे सांगायला नकोच. वीज गेलेली असतानाही हे काम अडत नाही, हा आणखी एक फायदा.

ज्यांना विजेचीच इस्त्री वापरायची आहे त्यांनी तिच्या चाकावरचे ठिपके वाचायला शिकावे. एक ठिपका म्हणजे तव्याची उष्णता सुमारे 110 अंश सेल्सियस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. नव्या कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर इस्त्रीचे चित्र असते, त्यातले ठिपके याच हिशेबाचे. रेशमाला दोन ठिपक्यांपर्यंत परवानगी आहे असे पुस्तके म्हणतात. जुन्या रेशमाला एकच. दीडशेच्या पलीकडे रेशीम पिवळे पडू लागते आणि त्याचा जोर जातो, आणि हा जोर परत येत नाही. जुन्या इस्त्रीच्या चाकावर भरवसा नसेल तर बटण बंद करून, प्लग काढून, तव्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब जागच्या जागी चुरचुरत आटला तर ठीक. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत पळाला तर तवा दोनशेच्या घरात आहे, रेशमापासून तो दूर ठेवा. कोळशाच्या इस्त्रीवाल्यांची ही जुनी खूण आजही खरी ठरते.

वाफेच्या इस्त्रीविषयी एक सावधगिरी. एका ठिपक्यावर ठेवलेली वाफेची इस्त्री पुरती तापलेली नसते. वाफेऐवजी ती पाणी थुंकते. तेव्हा कमी उष्णतेवर वाफेचे बटण बंदच असू द्या. पैठणीवर जी रीत डब्याला तीच इस्त्रीला. उलट बाजू, मलमल, ठेवा-उचला-ठेवा. जरीच्या काठावर इस्त्री आडवी सरकवली की तारा गोळा होतात. स्वस्त साडीतली जर प्लॅस्टिकच्या झिलईची असेल तर ती आकसून काठ कुरळा होतो, आणि त्याला मग इलाज नाही.

आता टसर. ताईंनी विचारलेले नाही, पण विदर्भात राहून टसरविषयी न बोलणे बरे नव्हे. भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर हा किडा वाढतो. भंडाऱ्याकडची करवती काठाची टसर साडी तर आपल्या विदर्भाचीच. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. टसरचा स्वभाव पैठणीच्या रेशमाहून निराळा. हाताला ती थोडी कोरडी, करकरीत लागते, आणि पाण्याचा एक थेंब पडला तरी वाळताना कडेला वर्तुळ सोडते. थेंब धाग्यावरचा डिंकासारखा अंश विरघळवतो आणि कडेला नेऊन ठेवतो, म्हणून ते वर्तुळ. तेव्हा टसरवर हबका मारायचाच नाही. ओलावा द्यायचा तो सगळीकडे सारखा. त्यासाठी एक मोठा पंचा ओला करून घट्ट पिळा, इतका की पुन्हा पिळला तर थेंब निघू नये. तो अंथरून त्यावर कोरडी मलमल, त्यावर टसर, अशी एकत्र गुंडाळी करा आणि दोन तास ठेवा. मग उलट बाजूने, मंद इस्त्रीने, मलमलीवरून. पुष्कळ करवतींचा काठ सुती असतो आणि अंग टसरचे. दोघे ओलावा सारखा धरत नाहीत, म्हणून काठाशी साडी आखडल्यासारखी दिसते. आधी काठ इस्त्री करून घ्यावा, मग अंग. उलटे केले तर काठाची चुणी अंगात सरकते.

मखमलीला इस्त्री नाहीच. मखमलीची लव एकदा चेपली की ती जागा जन्मभर चकाकते. वाफ उलट बाजूने द्यावी आणि मऊ ब्रशाने लव उभी करावी, बस्स.

जॉर्जेट आणि क्रेप यांचे सूत पीळ भरून विणलेले असते. ओलाव्याने तो पीळ आखडतो आणि कापड गोळा होते. त्यांना कोरडी, मंद इस्त्री बरी. आणि पॉलिएस्टरचे म्हणाल तर वर सांगितल्याप्रमाणे ते पाणी पीतच नाही, फक्त उष्णतेचे ऐकते. साधारण 70-80 अंशांच्या पुढे ते नरम होऊ लागते, आणि निवताना ज्या आकारात असेल तो आकार धरते. म्हणून चुणी पडलेल्या जागी चुकीची घडी घालून इस्त्री फिरवली की ती चुणी कायमची. एका हाताने कापड ताणून धरून, आधी सपाट करून, मगच इस्त्री ठेवावी. गरम पाण्यात धुऊन पिळणेही याच कारणाने टाळावे.

या निमित्ताने घरातल्या मुलींच्या दोन युक्त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे. केस सरळ करण्याचा विजेचा चिमटा कॉलरला आणि काठाला लावून चुण्या काढण्याची टूम हल्ली निघाली आहे. तो चिमटा 150 पासून 200 अंशांच्या वरपर्यंत तापतो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी कापड भाजते. शिवाय त्याला केसांचे तेल लागलेले असते. सुती कॉलरीपुरते मी डोळे मिटून घेईन. रेशमाला तो लावू नये. दुसरी टूम म्हणजे पाण्यात व्हिनेगर मिसळून फवारण्याची. साध्या सुती कपड्याचे यात काही बिघडत नाही, पण नकली जरीच्या पोटात तांब्याची तार असते, आणि व्हिनेगरने तांब्याचे काय होते ते कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेचे सार ठेवणाऱ्या कुणालाही विचारा. हाती धरायचे वाफेचे यंत्रही पुष्कळ घरांत आले आहे. नव्या शिफॉनला ते छान. मात्र कपडा अंगात असताना वाफ मारण्याचा आळस कोणी करू नये. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून खोल जातो.

पुरुषमंडळींच्या कपड्यांना थोडक्यात निकालात काढू. लोकरीचा कोट चुरगळला असेल तर रुंद खांद्याच्या हँगरवर, खिसे रिकामे करून, रात्रभर ओल्या चादरींच्याच खोलीत टांगावा. लोकर सर्वांत जास्त पाणी पिते, म्हणून सर्वांत लवकर सुधारते. दहातले आठ कोट इस्त्रीवाचून नीट होतात. शेरवानीचे तसे नाही. तिच्या छातीत आणि कॉलरीत कडक कापड डिंकाने चिकटवलेले असते. वाफ फार दिली की हा डिंक सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे येतात. तिला वाफ बेतानेच, आणि दाबताना वर जाड सुती कपडा हवा.

पैठणीचे आणखी थोडे उरले आहे. ओलाव्याचे उपाय झाल्यावर ती पूर्ण कोरडी होईपर्यंत, निदान एक दिवस, घडी घालायची नाही. किंचित दमट साडीची घडी घातली की चार दिवसांची मेहनत नव्या घड्यांत जाते, वर बुरशीचे भय. लग्नाच्या दिवसापर्यंत ती शक्यतो घडी न घालता, जुन्या धोतराच्या जाड गुंडाळीवर सैल गुंडाळून ठेवावी. अत्तर लावायचे ते नेसण्यापूर्वी, अंगाला. जरीवर नको, तिथे काळे डाग पडतात. लग्नानंतर लगेच ट्रंकेत टाकू नका. रात्रभर सावलीत वारा लागू द्या, घाम सुकू द्या, मग सुती फडक्यात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, जरीला टेकणार नाहीत अशा. आणि दसरा-पाडव्याला, वर्षातून दोनदा, साडी उलगडून घड्यांच्या जागा बदला, दर घडीत मलमलीची गुंडाळी घाला. एकाच रेघेवर चाळीस वर्षे दाब पडला म्हणून ती रेघ झाली; जागा बदलत राहिली तर पडणार नाही.

लेकीच्या ‘नवी घेऊ’ला काय उत्तर द्यावे, हे ताईंनी विचारले नाही, पण विचारल्यासारखेच आहे. नवी पैठणी येवल्याला आजही हातमागावर सुरेख विणली जाते आणि तीही जरूर घ्यावी, ऐपत असेल तर. सासूबाईंच्या पैठणीच्या पदरावर मात्र विणकराने एकेक रंगाचा धागा बोटांनी अडकवून मोर उभे केलेले असतात. ती पहिल्या रात्रीनंतर, चुण्या निम्म्या गेल्यावर, लेकीला एकदा खिडकीच्या उजेडात उलगडून दाखवा आणि मग काय ते तिलाच ठरवू द्या.

हळदीच्या डागांविषयी चार पत्रे टेबलावर पडून आहेत. त्यांचा विचार पुढच्या वेळी.